दिवस नेमका कधी उजाडतो?

"तौक्ते किती तारखेला आलं?" असं मी त्या ऑनलाइन बैठकीत विचारलं. दोन मिनिटांत तारीख ठरेल आणि पुढच्या विषयाकडे जाऊ, असा माझा समज होता. २०२१ च्या त्या वादळाचा आंबा, मासळी आणि दुभती जनावरं यांच्यावर झालेला परिणाम एकाच तक्त्यात मांडायचा होता आणि तक्त्याचा पहिला रकाना तारखेचा होता.

आंब्याच्या मॅडम म्हणाल्या, "१६ मे. रविवार होता. झाडावरचा राहिलेला माल त्या एका दिवसात खाली आला." पावसाची नोंदवही सांभाळणाऱ्यांनी १७ मे सांगितली, कारण सगळ्यात मोठा आकडा त्यांच्या वहीत त्या तारखेसमोर होता. मासळीचे सर शांतपणे म्हणाले, "आमचं वादळ त्याच्या दोन-तीन दिवस आधी आलं. इशारा मिळाला, बोटी परत फिरल्या. उतरवणी शून्यावर आली ती तेव्हा." जनावरांचे डॉक्टर सगळ्यात शेवटी बोलले. "वाऱ्याने आमचं फारसं काही केलं नाही हो. आमचं वादळ दुसऱ्या दिवशी सुरू झालं. वीज नव्हती, दूध थंड करायची सोय नव्हती, पंपाला पाणी नव्हतं. ते किती दिवस चाललं म्हणून लिहू?"

चार तज्ज्ञांनी चार तारखा दिल्या होत्या आणि त्यातली एकही चुकीची नव्हती. माझ्या नेमणूकपत्रात कामाचं स्वरूप 'माहिती संकलन व समन्वय' असं चार शब्दांत लिहिलं होतं. त्या दिवशी मला कळलं की त्यातला चौथा शब्द पहिल्या तिघांना पुरून उरणार आहे.

मी घाटावरची, कराडकडची. कृषी सांख्यिकीत एमएस्सी केलं आणि २०२१ च्या पावसाळ्याच्या शेवटी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका प्रकल्पावर सिनियर रिसर्च फेलो म्हणून रुजू झाले. प्रकल्प तीन वर्षांचा, निधी सरकारी. आंबा, भात, मासेमारी आणि पशुपालन अशा चार शाखांची माणसं चार वेगळ्या ठिकाणी बसणारी. बदलत्या हवामानाचा कोकणातल्या या सगळ्या धंद्यांवर मिळून काय परिणाम होतो, हा प्रश्न. त्यातला 'मिळून' हा भाग माझ्याकडे.

असं काम देशात नवं नाही. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०११ मध्ये 'निक्रा' नावाचा मोठा कार्यक्रम सुरू केला. हवामानाला तोंड देऊ शकेल अशी शेती हा त्याचा विषय, आणि त्याचं सूत्रसंचालन हैदराबादच्या 'क्रिडा' या कोरडवाहू शेतीच्या केंद्रीय संस्थेकडे आहे. त्यात पिकं आहेत, फळबागा आहेत, जनावरं आहेत, मासेही आहेत. त्याच हैदराबादहून कृषी हवामानशास्त्राचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्पही चालतो. त्याची महाराष्ट्रात चार केंद्रं आहेत: दापोली, सोलापूर, परभणी आणि अकोला. म्हणजे वरच्या पातळीवर छत्र एकच आहे. पण जमिनीवर आलात की गंमत सुरू होते. मत्स्यव्यवसाय, पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाला केंद्रात २०१९ पासून स्वतंत्र मंत्रालय आहे. त्या विषयांचं संशोधन मात्र अजून कृषी मंत्रालयाखालच्या परिषदेकडेच आहे. त्यामुळे एका बांगड्याबद्दल दोन मंत्रालयांच्या हद्दीत पत्रव्यवहार करावा लागतो, आणि पत्राचा मायना दोन्हीकडे वेगळा लागतो. जुन्या गोव्यात परिषदेची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे. तिथे भात, काजू, डुकरं आणि मासे एकाच आवारात अभ्यासले जातात. मी एकदा तिथे गेले तेव्हा ते आवार बघून मला खरोखर हेवा वाटला.

पहिले सात-आठ महिने माहिती मागण्यात गेले. माहिती देणं म्हणजे जणू लेक देणं. स्थळ चांगलं आहे का, नांदवतील का, उद्या आमचं नाव लावतील का, असे सगळे प्रश्न. एका कार्यालयाने तर "माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे" असं लेखी कळवलं. संकेतस्थळावर गेले तर "माहितीसाठी कार्यालयाशी संपर्क साधावा" अशी ओळ होती. तिथले कारकून चांगले गृहस्थ होते. तिसऱ्या खेपेला त्यांनीच कपाट उघडलं आणि म्हणाले, "मॅडम, साहेबांची सही येईल तेव्हा येईल. तुम्ही इथे बसून उतरवून घ्या." मी चार दिवस तिथे बसून वह्या उतरवल्या. सही अजून आलेली नाही.

जे संगणकावर होतं त्याचे हाल निराळे. जुन्या फायली शिवाजी नाहीतर श्रीलिपी फॉन्टमध्ये. माझ्या लॅपटॉपवर उघडल्या की गावांची नावं नुसती चिन्हांची खिचडी दिसायची. ती सुटली, तर एक्सेलने तारखांचा घोळ घातला. ०३/०६/२०२० ही आपली ३ जून. यंत्राची मांडणी अमेरिकन, त्याने ती ६ मार्च वाचली. निसर्ग चक्रीवादळ माझ्या आलेखात ऐन शिमग्यात येऊन बसलं. बाराच्या पुढचा महिना नसतो, म्हणून १३ पासूनच्या तारखा तेवढ्या बरोबर राहिल्या. त्यामुळे चूक सहज नजरेत भरत नव्हती. ती एका विद्यार्थ्याने पकडली. तो मंडणगडचा. त्याच्या घरावरचे पत्रे त्या वादळात गेले होते. "मॅडम, तेव्हा लॉकडाऊन होता. मार्चच्या सहा तारखेला मी कॉलेजात होतो," असं तो म्हणाला आणि मी सगळी फाईल पुन्हा पहिल्यापासून तपासली.

हे उरकता येण्यासारखं होतं. पण तारीख बरोबर लिहिल्यावरही ती तारीख म्हणजे काय, हे उरतंच.

आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. ४ जूनला सकाळी पर्जन्यमापकात जे पाणी मिळालं ते ३ जूनच्या साडेआठपासून तेव्हापर्यंतचं, पण वहीत ते लागतं ४ जूनच्या नावावर. निसर्ग ३ जूनला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. म्हणजे वारा ३ तारखेच्या खात्यात आणि पाऊस ४ तारखेच्या. एका निरीक्षकाने मला त्या सकाळची हकिगत सांगितली. रस्त्यावर झाडं आडवी, तारा खाली, फोन बंद, तरी ते पडलेल्या फोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, ओलांडत वेधशाळेपर्यंत गेले आणि बरोबर साडेआठला पाणी मोजलं. "उशीर झाला असता तर आकडा खोटा ठरला असता," असं ते म्हणाले. अशा माणसाच्या वहीतली तारीख मी एक दिवस मागे ढकलायची म्हणजे त्याला काय वाटेल, हा विचार मला पुढे बरेच दिवस छळत होता.

कृषी हवामान वेधशाळांची इतर निरीक्षणं सकाळी सात आणि दुपारी दोनची. पण ती भारतीय प्रमाणवेळ नव्हे, स्थानिक वेळ. रत्नागिरीचा रेखांश पश्चिमेकडचा, त्यामुळे तिथले सात म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात साधारण सात सदतीस. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान उपग्रहाकडून येतं. ते जागतिक वेळेवर चालतं, म्हणजे त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. दुधाची नोंद ठेवणाऱ्या गोठ्यांवर संध्याकाळची धार आधी आणि दुसऱ्या दिवशी सकाळची नंतर, अशी मिळून एक दिवस धरायची पद्धत होती.

मासळीचा दिवस तर सगळ्यात मजेदार. भारताच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीचा अंदाज कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था करते. प्रत्येक बंदरावर रोज माणूस बसवणं शक्य नाही, म्हणून नमुना पद्धत. महिन्यातले काही दिवस निवडायचे आणि ते जोडीने घ्यायचे. पहिल्या दिवशी दुपारी बारा ते संध्याकाळी सहा निरीक्षक बंदरावर. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा ते बारा पुन्हा बंदरावर. मधल्या रात्री काय उतरलं ते चौकशी करून लिहायचं. असा मिळून चोवीस तासांचा एक दिवस होतो, दुपारी बारा ते दुपारी बारा. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी हसले होते. पुढे हर्णैला दुपारचा बाजार सुरू होताना पाहिला आणि हसू गेलं. तिथे होड्यांतली मासळी उथळ पाण्यातून बैलगाड्यांनी किनाऱ्यावर आणली जाते, वाळूतच लिलाव होतो. दुपारनंतर जी गर्दी लोटते ती रात्री उतरवलेल्या मालाची नसते. मध्यरात्री तारीख बदलते याचा त्या वाळूवर कोणालाच पत्ता नसतो.

मी प्रस्ताव मांडला की दिवसाचा वादच नको, सगळं आठवड्यांवर न्यावं. कृषी संशोधनात वर्षाचे बावन्न हवामान आठवडे धरतात. पहिला १ ते ७ जानेवारी, तिथून पुढे सरळ. शेवटचा आठवडा आठ दिवसांचा, आणि लीप वर्षात नववासुद्धा आठ दिवसांचा. सोयीचं आहे, सगळ्या कृषी विद्यापीठांना ओळखीचं आहे. आंब्याच्या मॅडमनी मान डोलावली. मग मी निसर्ग वादळ त्या चौकटीत बसवून पाहिलं. बाविसावा आठवडा संपतो ३ जूनला, तेविसावा सुरू होतो ४ जूनला. वारा बाविसाव्यात, पाऊस तेविसाव्यात! एकाच दुपारचं वादळ मी दोन आठवड्यांत फाडून ठेवलं होतं.

तरीही मी हट्ट धरला असता, पण मासळीचे सर म्हणाले, "बाकी सगळं ठीक आहे, पण आठवडा आमच्या उपयोगाचा नाही. तू एकदा बंदरावर जाऊन ये."

गेले. सोबत ओळखीचे एक तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, मामा. वय साठीच्या पुढे, बोट आता मुलाच्या हातात, पण पहाटे धक्क्यावर येऊन बसायचं सुटलेलं नाही. मी त्यांना विचारलं, "मामा, गेल्या महिन्यात कुठल्या आठवड्यात चांगली मासळी मिळाली?"

"आठवडा काय असतो, बाय?" असं म्हणून ते खोखो हसले. "दर्याला आठवडा नसतो. उधाण असतं नाहीतर भांग असते."

अमावास्या-पौर्णिमेला भरतीचा जोर, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मंद, ती भांग. एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत साधारण पंधरा दिवस. पाण्याला ओढ असेल तर काही जाळी चालतात, काही चालत नाहीत. मी जर माझ्या सात दिवसांच्या खणांत मासळी भरली, तर एका खणात उधाण येणार, पुढच्यात भांग. आलेखात सुंदर लाटा दिसणार आणि मी त्या तापमानाच्या नावावर खपवणार. घरी येऊन मी हातातली आकडेवारी तशी मांडून पाहिली. लाटा दिसल्या. त्या लाटांवर मी आदल्याच महिन्यात तीन परिच्छेद लिहिले होते. ते काढून टाकले. वाईट वाटलं, चांगले उतरले होते.

मामांनी आणखी एक गोष्ट शिकवली, ती मला कुठल्याच पुस्तकात मिळाली नव्हती. आम्ही बारा बोटींना वह्या दिल्या होत्या: किती वाजता गेलात, किती वाजता आलात, काय मिळालं. पुष्कळ पानांवर नुसता '०' होता. मी त्यांची सरासरी काढत होते. मामांनी वही हातात घेतली आणि एकेका शून्यावर बोट ठेवत सांगत गेले. "हा दर्यात गेला, काय गावलं नाय. हा गेलाच नाय, वारा होता. याचं इंजिन बंद होतं. आणि ह्याने जून-जुलैतपण शून्य घातलंय, येडा आहे, तेव्हा बंदी असते." पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. निसर्ग जूनच्या सुरुवातीला आलं तेव्हा बोटी किनाऱ्यालाच होत्या, म्हणून मासळीच्या आकड्यांत त्याचा मागमूस नाही. होड्या फुटल्या, जाळी वाहून गेली, पण उतरवणीच्या तक्त्यात ते वादळ झालंच नाही.

त्या दिवसापासून वहीत 'नाही' चार प्रकारांनी लिहायचं ठरलं. गेला पण मिळालं नाही, हवेमुळे गेला नाही, बिघाडामुळे किंवा माणसं नसल्यामुळे गेला नाही, आणि बंदी. तीन वर्षांत माझ्या हातून काही टिकाऊ झालं असेल तर ते हे चार खण.

आता आंब्याकडे येते. मॅडमच्या ओळखीचे एक बागायतदार होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे. त्यांच्याकडे वर्षानुवर्षांची रोजनिशी आहे, असं कळलं. पालवी कधी, मोहोर कधी, तुडतुडा कधी दिसला, कणी म्हणजे बारीक फळं कधी धरली, पहिली पेटी कधी गेली, सगळं लिहिलेलं. मी अक्षरशः धावत गेले. हापूसच्या मोहोराला पावसाळ्यानंतर जमिनीचा ओलावा सुकायला हवा आणि रात्री थंडी पडायला हवी. थंडी लांबली की मोहोर लांबतो. उलट फळं धरल्यावर थंडी रेंगाळली की त्याच फांदीवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची कणी गळते. त्याला पुनर्मोहोर म्हणतात. फेब्रुवारीतच कडक ऊन पडलं की वाटाण्याएवढी, सुपारीएवढी फळं गळतात ते वेगळंच. हे सगळं इतक्या वर्षांचं एका बागेतलं लिहिलेलं मिळणं म्हणजे घबाड.

वही उघडली. पान न् पान तिथींत. 'मार्गशीर्ष शु. ६, चंपाषष्ठी. वरच्या वाडीत मोहोर दिसला.' पुढच्या वर्षीही चंपाषष्ठीलाच. अण्णा अभिमानाने म्हणाले, "बघ, माझ्या वरच्या वाडीचा मोहोर कसा वक्तशीर आहे. लोक उगीच हवामान बिघडलं म्हणतात."

मी पंचांग काढलं. २०१९ ची चंपाषष्ठी २ डिसेंबरला होती. २०२० साली अधिक आश्विन आला, त्यामुळे ती गेली २० डिसेंबरला. मी म्हटलं, "अण्णा, तुमचा मोहोर अठरा दिवस उशिरा आला."

अण्णांनी चष्मा वर केला. "अगो, पण उशीर आंब्याला झाला की पंचांगाला?"

प्रश्न थट्टेत विचारला असला तरी बिनतोड होता. अठरातले किती दिवस आंब्याचे आणि किती अधिक महिन्याचे? उत्तर सोपं आहे: आंब्याला सूर्य कळतो, तिथी कळत नाही, तेव्हा सगळे अठरा आंब्याचेच. पण मग मनात आलं, अण्णा रोज वाडीत जातात का? की सणवार पाहून जातात? मी विचारलं. ते जरा वेळाने म्हणाले, "वरच्या वाडीत चंपाषष्ठीला नारळ द्यायला जातो. खालच्या वाडीत रोज असतो." म्हणजे वरच्या वाडीची नोंद ही मोहोर आल्याची नव्हती, अण्णा तिथे पोचल्याची होती. खालच्या वाडीच्या नोंदी खऱ्या होत्या. त्या मी एकेक तिथी तारखेत बदलून घेतल्या. दोन संध्याकाळी अण्णांच्या ओटीवर बसून, त्यांच्या सूनबाईंच्या हातची कोकम सरबतं पीत. आमच्या एका आढावा बैठकीत या वहीला 'किस्सेवजा माहिती' म्हटलं गेलं. माझ्या मते त्या बैठकीत ठेवलेल्या अर्ध्या तक्त्यांपेक्षा ती वही जास्त तपासलेली होती. कारण निदान तिच्या लेखकाला 'तुम्ही तेव्हा तिथे होता का' असं विचारता आलं.

या सगळ्यातून शेवटी जो तोडगा निघाला तो ऐकायला फारच साधा वाटेल. तारखेचा रकाना काढून टाकला. प्रत्येक नोंदीला दोन वेळा दिल्या: कधीपासून आणि कधीपर्यंत. पाऊस: ३ जून सकाळी साडेआठ ते ४ जून सकाळी साडेआठ. मासळी: दुपारी बारा ते दुपारी बारा. दूध: संध्याकाळ ते सकाळ. मूळ वहीतली तारीख शेजारी जशीच्या तशी ठेवली, म्हणजे त्या निरीक्षकांच्या वहीला हात लागला नाही. ज्याला आठवडा हवा त्याने आठवडा करावा, ज्याला उधाण-भांग हवी त्याने ती करावी. कोणाचाही दिवस दुसऱ्यावर लादायचा नाही. यावर सगळ्यांचं एकमत व्हायला मला चौदा महिने लागले, त्यातले दोन केवळ 'कधीपर्यंत' या रकान्याच्या नावात. कोणाला 'समाप्ती' हवं होतं, कोणाला 'अंत'. 'अंत' म्हटल्यावर जनावरांचे डॉक्टर म्हणाले, माझ्या नोंदवहीत तो शब्द आधीच वेगळ्या अर्थाने वापरतात.

तक्ता जुळल्यावर आम्ही पुन्हा तौक्तेकडे आलो. आता चारही धंद्यांच्या पट्ट्या एकाखाली एक लावता येत होत्या. माझी अपेक्षा होती की तापमान आणि आर्द्रता हा सगळ्यांना बांधणारा धागा दिसेल. तसा काही दिसला नाही. दिसला बर्फ. वादळानंतर वीज गेली तशी बर्फाची पंचाईत झाली. समुद्र शांत झाल्यावरही काही बोटी जागच्या हलल्या नाहीत, त्यांच्या स्वतःच्या जुन्या वहीत कारण लिहिलेलं: 'बर्फ नाही'. दूध नासलं ते त्याच विजेपायी. आंब्याचा पडलेला माल रसासाठी नेणाऱ्यांनाही शीतगृहाची तीच अडचण. आमच्यापैकी एकाही शाखेच्या प्रश्नावलीत बर्फाचा रकाना नव्हता.

दुसरा धागा माणसांचा. रत्नागिरीत आंब्याच्या बागांची राखण करायला आणि काढणीला नेपाळी मंडळी असतात. बोटींवरचे खलाशीही बऱ्याचदा नेपाळचेच. मोहोर लांबला की काढणी मेच्या अखेरीकडे सरकते, आणि बंदीआधीचे शेवटचे दिवस म्हणून बोटींनाही तेव्हाच माणसं हवी असतात. आमच्या बारा वह्यांत 'माणसं नाहीत' हे कारण मे महिन्यात वाढलेलं दिसलं. बारा वह्यांवरून मोठं विधान करायला मी तयार नव्हते, अजूनही नाही. पण मासळी कमी का, याचं एक कारण आंब्याच्या फांदीवर लटकलेलं असू शकतं, हे मासळीच्या सरांना इतकं आवडलं की ते पुढच्या प्रत्येक बैठकीत सांगायला लागले, आणि दर वेळी थोडं वाढवून. शेवटी मलाच त्यांना थोपवावं लागलं.

तारलीबद्दलही असंच. मामा सांगायचे की त्यांच्या लहानपणी तारली इथे एवढी नसायची, ती मलबारकडची मासळी. ती उत्तरेकडे सरकत गेली आहे, हे संशोधकांनीही नोंदलेलं आहे, आणि तापणाऱ्या समुद्राशी त्याचा संबंध लावला जातो. आमच्या प्रकल्पाच्या तीन वर्षांत त्यावर काही बोलण्याइतकी माहिती जमणं शक्यच नव्हतं. अहवालात मात्र 'तारली' हा शब्द असावा, असा वरून आग्रह होता. मी एक ओळ लिहिली: प्रकल्पाचा कालावधी या प्रश्नाला अपुरा आहे. ती ओळ दोनदा खोडली गेली. तिसऱ्यांदा मी ती तळटीपेत घातली, तिथे राहिली.

२०२४ मध्ये प्रकल्प संपला. खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, यंत्रांची यादी, हार्ड डिस्क, कपाटाची किल्ली, सगळं सोपवून मी कराडला आले. अण्णांची वही मी स्वतः नेऊन दिली. त्यांनी पहिलं कोरं पान उघडून दाखवलं. तिथीच्या शेजारी त्यांनी तारखेचा रकाना आखला होता, आणि त्याच्याही शेजारी एक: 'गेलो होतो की नाही.'

बंदरावरच्या वह्या आता एक मुलगी लिहिते. मामांच्या नात्यातली, बारावी झालेली. प्रकल्प नाही, मानधन नाही, पण चार-पाच बोटी अजून वही भरतात आणि ती गोळा करून ठेवते. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. मागे लिलावाचा गलका ऐकू येत होता.

"ताई, बोट पावणेबाराला टेकली. पण मासळी उतरवेपर्यंत साडेबारा झाले. ही कुठल्या दिवसात धरू?"

मी म्हटलं, "दोन्ही वेळा लिही."

"दोन्ही लिहिल्यात. पण मामा म्हणतात, तिसरीपण लिही. जाळं ओढलं तेव्हा पहाटेचे चार वाजले होते."